कट्यारीशी लागलेलं लग्न

नंदुरबारच्या वकिलांनी आम्हाला तीन वाटा सांगितल्या होत्या. आमच्या घरच्यांनी चौथीच काढली, आणि ती काढताना वकिलांना विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तेव्हा मुंबई राज्य अजून एकच होतं. आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा आणि नंदुरबार हे नुसतं तालुक्याचं गाव होतं. आमचं गाव तापीच्या काठावर. आम्ही गुजर. पूर्वज कधीतरी गुजरातेतून आले, इथली काळी जमीन बघून थांबले, ते थांबलेच. घरचा कापूस, केळी, थोडा ऊस, आणि मळ्याच्या कडेला मिरची. घरात माणसं मात्र तीनच. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणायचे, मी, आणि फुई. फुई म्हणजे आबांची मोठी बहीण. माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली, त्यामुळे मला वाढवलं, मारलं, न्हाऊ घातलं ते सगळं फुईनेच.

फुई विधवा होती. आता हे सांगायलाच हवं की ती कशी विधवा झाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. लग्नाच्या तोंडावर नवरदेवाला ताप भरला. मुहूर्त टळू नये म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याची कट्यार पाठवली. आमच्याकडे जुन्या लोकांत ही रीत होती, नवरदेव येऊ शकत नसेल तर त्याची कट्यार पाटावर ठेवायची आणि तिच्याशी मुलीचं लग्न लावायचं. खांडाचं लग्न म्हणायचे त्याला. फुईचं तसं लागलं. तिला सासरी न्यायच्या आतच तो तापात गेला. फुईने त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आमच्यात दुसरा पाट लावायची चाल होती, पण आजोबा गावात मोठे म्हणवून घेणारे. त्यांनी आपल्या घरात ते होऊ दिलं नाही. तेव्हापासून फुई पांढऱ्या लुगड्यात. लग्नकार्यात ती चुलीपाशी राबायची आणि मांडवात पाऊल टाकायची नाही. मी लहान असताना एकदा विचारलं होतं की फुई, तो दिसायला कसा होता गं. ती म्हणाली, "माले काय माहीत? कट्यार चांगली व्हती."

आता माझ्याकडे येते. मी नंदुरबारला नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक झालेली, वीस ओलांडलेली, तोंडाने फटकळ. स्थळं येत होती आणि माझं तोंड ऐकून जात होती. त्या हिवाळ्यात आबा कापूस घेऊन नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेले, तिथे एका भागीदाराचा पुतण्या लांबच्या रजेवर आलेला होता. तो जन्माने युगांडाचा, कागदाने इंग्रज सरकारचा आणि बोलण्याने सुरतेचा. त्याचे वडील तरुणपणी सुरत जिल्ह्यातल्या खेड्यातून आफ्रिकेत गेले, तो तिकडेच जन्मला, आणि तिकडच्या एका जिनात यंत्रं सांभाळायचा. आबांनी त्याला आमचा कापूस बघायला मळ्यात आणलं. फुईने जेवायला वाढलं. माझी अहिराणी ऐकून त्याला हसू आवरेना, आणि त्याची गुजराती ऐकून मला. तिकडे कापूस वेचायला कोण येतं, पाऊस किती पडतो, असं मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. नंतर तो काही ना काही निमित्ताने येतच राहिला. गावालाही ते दिसत होतं.

एक दिवस कापसाच्या ढिगापाशी आबा गाडीवानाशी बोलत असताना त्याने मला विचारलं, "तुला यायचं आहे का तिकडे? तुझ्या वडिलांना नंतर विचारीन. आधी तुला विचारतोय." तोवर मला असं कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, लाजबीज काही नाही. मला तो फार आवडला होता आणि आजही ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्यांची आमची शाखा जरा वेगळी म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली, पण साखरपुडा झाला. त्याची रजा संपत आली होती. मुहूर्त बघेपर्यंत बोटीचा दिवस आला आणि तो गेला. पुढची लांब रजा काही वर्षांनी. तेव्हा मला तिकडे न्यायचं कसं, हे विचारायला आबा आणि मी नंदुरबारच्या वकिलांकडे गेलो.

वकील म्हातारे, करड्या मिशांचे, बोलताना सारखे पानाच्या डब्याशी खेळणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं. पहिली वाट अशी, की त्याने परत यावं, इथे रीतसर लग्न लावावं, ते नोंदवावं, मग मी त्याची बायको म्हणून जायचं. ही सगळ्यात पक्की, पण त्यासाठी कितीतरी वर्षं वाट बघावी लागणार. दुसरी, की मी वाग्दत्त वधू म्हणून जायचं. तिकडच्या सरकारकडून तो तसा परवाना काढेल, मी उतरले की ठरलेल्या मुदतीत कचेरीत लग्न नोंदवायचं, आणि नाही नोंदवलं तर मला पुढच्या बोटीने परत पाठवतील. तिसरी वाट म्हणजे कुणाच्या तरी कुटुंबाबरोबर पाहुणी म्हणून जायचं, तिकडे लग्न उरकायचं आणि मग सरकारपुढे हात जोडायचे. "ही तिसरी मी तुम्हाला फक्त ऐकवली," वकील म्हणाले. "लोक करतात म्हणून. तुम्ही करू नका."

घरी आल्यावर मी म्हटलं, दुसरी. वर्षानुवर्षं वाट बघायला मी तयार नव्हते. एवढ्या अवधीत माणूस बदलतो, मी बदलले असते, कदाचित तो आधी बदलला असता. आबांना माझं म्हणणं पटत होतं आणि भीतीही वाटत होती. लग्न न झालेली मुलगी समुद्रावर दिवसच्या दिवस एकटी, आणि तिकडे जाऊन त्याने नाही म्हटलं तर? परत आलेल्या मुलीला कोण करणार? भीती मलाही होती. मी ती दाखवत नव्हते एवढंच.

तेव्हा जिनाचे भागीदार असलेले त्याचे काका सुरतेकडून आले आणि त्यांनी ती चौथी वाट काढली. कागदावर मुलगी वाग्दत्त वधूच राहू दे, पण निघायच्या आधी घरात खांडाचं लग्न लावून घेऊ. आमच्याकडेही ही जुनी रीत आहे, ते म्हणाले. मग मुलगी गावातून निघेल ती लग्न झालेली म्हणूनच निघेल, कुणी बोट दाखवणार नाही. आबांच्या डोक्यावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं. पण सगळ्यात जास्त आनंद झाला तो फुईला. ती दारामागून म्हणाली, "खांडानं लगन पक्कं ऱ्हास. मन्हं नही व्हतं का?" त्यावर कोण काय बोलणार? तिच्यासमोर शंका काढायची म्हणजे तिच्या जन्मावर शंका काढायची. मला ते खुळचट वाटत होतं, पण आबांना झोप लागत नव्हती ती आता लागेल, एवढाच मी विचार केला. वकिलांना कळवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. देवाधर्माचं काम, त्यात वकिलाला कशाला विचारायचं?

माघात मांडव पडला. काकांनी कट्यार आणली होती, लाल कापडात गुंडाळलेली, वर त्याचा फेटा. भटजींनी आधी कुरकुर केली, मग फुईच्या लग्नाचं उदाहरण दिल्यावर कबूल झाले. अंतरपाट धरला, पलीकडे पाटावर कट्यार. तिला हळद लागली, अक्षता पडल्या. फेरे मी एकटीने घेतले, कट्यार उजव्या हातात धरून. बायका गाणी म्हणत होत्या आणि मला मधूनच हसू येत होतं, मधूनच रडू. माझ्या गळ्यात मंगळपोत घातली ती त्याच्या काकूने. सगळं गाव पंगतीला जेवलं. फुई रिवाजाप्रमाणे मांडवात आली नाही, पण स्वयंपाकघराच्या दारातून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. पाया पडायला गेले तेव्हा तिने माझी पोत हातात घेऊन नीट सरळ केली. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलेलं नाही.

परवाना आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. पावसाळ्याच्या आत पोचायचं, नाहीतर परवाना रद्द, पुन्हा सगळा अर्ज पहिल्यापासून, आणि तेव्हा मिळेलच असं नाही. त्याने पत्रात तेच लिहिलं होतं, खाली रेघ मारून. आता राहिला होता माझा पासपोर्ट. त्याच्या एका कागदावर सही करायला आबांबरोबर पुन्हा नंदुरबारला गेले.

वकिलांनी मान वर करून माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा पानाचा डबा मिटला. "हे कधी झालं?"

आबांनी कौतुकाने सगळं सांगितलं. कट्यार, फेरे, पंगत. वकील ऐकत गेले आणि लालबुंद होत गेले. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "अहो, अर्जावर मी अविवाहित लिहिलंय. तिकडचा परवाना अविवाहित मुलीचा आहे. आता पासपोर्टच्या पोलीस चौकशीला फौजदार तुमच्या गावात येणार, लोकांना विचारणार. गाव काय सांगणार? लग्न झालं म्हणून सांगणार. म्हणजे अर्ज खोटा. परवानाही गेला."

"मग बायको म्हणून अर्ज करू," आबा म्हणाले.

"कशाच्या जोरावर? नवरा इथे नव्हता. सही नाही, नोंद नाही. रीत आहे म्हणून कोर्टात शाबीत करत बसायचं म्हटलं तर पोरगी म्हातारी होईल. ती आता बायकोही नाही आणि वाग्दत्त वधूही नाही. मध्येच लटकवून ठेवलीत तुम्ही तिला."

आबांनी खाली मान घालून विचारलं, "कायद्याने ते लग्न आहे की नाही?"

"माझं मत विचाराल तर नाही. पण माझ्या मताला काय करायचंय? फौजदार लिहून नेईल ते खरं. त्याच्यासमोर कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं की ते लग्न नव्हतं. मुलीने सांगितलं तर बरंच. पण घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं तर जास्त वजन." त्यांनी पुन्हा माझ्या गळ्याकडे बोट केलं. "आणि ही काढा."

स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना आबा एवढंच म्हणाले, "फुईसमोर हा विषय काढू नकोस." मी हो म्हटलं. घरी पोचल्यावर फुईने विचारलं, वकील काय म्हणाला. आबा म्हणाले, सगळं ठीक. फुईने माझ्याकडे बघितलं. माझ्याने खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं, वकील म्हणतात खांडाचं लग्न हे लग्न नव्हे.

फुई परातीतलं पीठ मळत होती, ती मळतच राहिली. म्हणाली, "वकीलले काय समजस?" मी म्हटलं, पोत काढावी लागेल, फौजदार यायच्या आत. तेव्हा मात्र तिने हात थांबवले. "नवरा जित्ता शे तुन्हा. पोत काढशी, त या घरमा राहू नको."

ते दिवस मी कधी विसरणार नाही. घरात तीन माणसं आणि तिघं तीन कोपऱ्यांत. मिरच्यांचा मोसम होता, अंगणभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि फुई उन्हात बसून त्या उलट्यापालट्या करत राहायची, जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. पोरी, पाणी भर. पोरी, म्हैस बांध. मला तिचा राग यायचा. लहानपणी झालेल्या एका खेळापायी ही माझं आयुष्य अडवून बसली आहे, असं मनात यायचं, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची, कारण तो खेळ नव्हता, तिचं अख्खं वय त्यात गेलं होतं. मी जर लोकांसमोर म्हटलं की हे लग्न नाही, तर तिचंही नव्हतं. मग तिने एवढी वर्षं कुणासाठी पांढरं नेसलं, कुणासाठी मांडवाबाहेर उभी राहिली? हे मला कळत होतं. आणि तरी मला जायचं होतं. दोन्ही खरं होतं आणि त्यातलं एकही मला सोडवत नव्हतं.

आबा पोलीस पाटलाकडे गेले. पाटील आमच्या भावकीतलेच. फौजदारांना जरा सांभाळून सांगा, आबा त्यांना म्हणाले. पाटलांनी हात जोडले. "मी पंगतीला जेवलो, आबा. अख्खं गाव जेवलं. लग्न झालंच नाही असं मी कसं सांगू? तुम्ही घरचे सांगा, मी मध्ये पडणार नाही." आबा परत आले ते थेट मळ्यात गेले.

मी मनाशी ठरवलं. फौजदार येईल तेव्हा मीच सांगेन की माझं लग्न झालेलं नाही. फुईने घराबाहेर काढलं तर काढलं. पासपोर्ट मिळाला तर मी जाणारच होते, नाही मिळाला तर कुठेतरी मास्तरीण झाले असते. आबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मला बोलता येणार नाही. ती माझी बहीण आहे. मी तिच्या तोंडावर ते म्हणू शकत नाही." आणि ते माझ्यासमोर रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पोत मात्र मी काढली नाही. कितीदा हात गळ्याशी नेला आणि खाली आणला. देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं, तरी तिकडे त्याला काही झालं तर, असं मनात यायचंच.

होळी जवळ आलेली. एका सकाळी फौजदार आले, सायकलवर, बरोबर पाटील. कळवून येणार होते, पण दुसऱ्या कसल्या तरी तपासाला शेजारच्या गावी आले होते, तिथून इकडे वळले. माणूस देशावरचा, अजून आमच्या मिरचीची सवय नसलेला. अंगणातून ओसरीपर्यंत येता येता शिंकून शिंकून बेजार झाला. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. एरवी मला हसू आलं असतं. मागोमाग शेजारीपाजारी जमले, काही बायका कुंपणाशी उभ्या राहिल्या.

फौजदार खाटेवर बसले, मांडीवर कागद घेतले. आबांना नाव, जमीन, पोरगी किती शिकली ते विचारलं. मग मला पुढे बोलावलं. माझ्याकडे बघून त्यांनी कागद बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"बाई, अर्जात अविवाहित लिहिलंय. मग गळ्यात हे काय?"

मी पाटलांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. आबा खांबाला धरून उभे होते. मला जे बोलायचं होतं ते मी इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. पण स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं, आणि दाराखालून मला फुईची पावलं दिसत होती. माझा हात पोतीशी गेला आणि तिथेच राहिला.

"झालंय का लग्न? हो की नाही, एवढंच सांगा," फौजदार म्हणाले.

दार उघडलं आणि फुई बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी ओसरीवर यायची नाही. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला, हाताला चुलीची राख. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पोरनं लगन नही व्हयेल शे, साहेब," ती म्हणाली.

"मग ही पोत?"

"ते कट्यारसंगे लागनं. कट्यारसंगे लागेल लगन, ते लगन नही ऱ्हास."

पाटलांनी मान वर केली. "फुई," ते हळूच म्हणाले, "हे तुम्ही बोलताय?"

"मीच बोली ऱ्हायनू. माले नही समजाव, त कोले समजी?"

मग ती माझ्याकडे वळली. तिने दोन्ही हातांनी माझ्या गळ्यातली पोत उचलून डोक्यावरून काढली. विधवा बाईच्या हातून सौभाग्याचं लेणं उतरतंय, आणि कुंपणापाशी उभ्या बायकांतल्या एकीनेसुद्धा तिला अडवलं नाही. तिने ती पोत आबांच्या हातात दिली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो सोडवून घेतला. रागाने नव्हे. तिला फौजदारांशी अजून बोलायचं होतं.

"लिखा, साहेब. तिनं लगन तठे जाईसन व्हई. माणूससंगे."

मला पासपोर्ट मिळाला. पावसाळ्याच्या आत मी मोंबासाला उतरले, तो धक्क्यावर उभा होता, तिथून आगगाडीने आम्ही युगांडात गेलो, आणि ठरल्या मुदतीत आमचं लग्न कचेरीत लागलं. तो पुढचा संसार चांगला झाला आणि त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन. पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं आहे. ते मी कुणालाच कधी सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा.

फौजदारांना फुईचं बोलणं पुरेसं वाटलं. पण तोंडी सांगून चालत नाही, म्हणाले, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा जबाब लिहून घेतो, खाली अंगठा लावा. त्यांनी नवा कागद काढला, टाक शाईत बुडवला.

"नाव?"

फुईने नाव सांगितलं.

त्यांनी ते लिहिलं, आणि कागदावरून नजर न उचलता सवयीने पुढचं विचारलं. "नवऱ्याचं नाव?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून अशा वेळी घरातला पुरुष सांगतो. आबा सांगायला पुढे झाले. गावात कुठल्याही कागदावर फुईच्या नावापुढे त्या तापात गेलेल्या मुलाचंच नाव लागत आलं होतं. आबांनी तोंड उघडलं होतं. फुईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"नवरा नही, साहेब," ती म्हणाली. "बापनं नाव लिखा."

फौजदारांनी आता वर पाहिलं. तिचं पांढरं लुगडं पाहिलं, पाटलांकडे पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही. आबांनी आजोबांचं नाव सांगितलं. ते त्यांना दोनदा सांगावं लागलं. फौजदारांनी लिहिलं, लग्न न झालेल्या मुलीचं लिहितात तसं, तिचं नाव आणि पुढे बापाचं. फुईने अंगठा लावला. मी तिथेच ओसरीवर खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले, आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.